साडेतीनचा भोंगा

गाणं तसं साधंच होतं.
फर्माइशींचा कार्यक्रम संपताना
रोज तेच लावायचे, निरोपाचं.
देवासहून अमुक, नागद्याहून तमुक
आणि त्यांची सगळी मित्रमंडळी
आपापल्या घरी गेली की ते सुरू व्हायचं.
आई तांदूळ निवडत असायची.
हात थांबायचे नाहीत,
फक्त खडे ती पदरावर ठेवायची,
ताटलीत वाजू नयेत म्हणून.

दुसऱ्या अंतऱ्याशी बाई श्वास घ्यायची
आणि साडेतीन वाजायचे.

भोंगा.
नंदानगरच्या सगळ्या क्वार्टरांवरून,
वाळत घातलेल्या चादरींवरून, शेवेच्या घाण्यावरून
तो असा जायचा की कपातला चहा हलायचा.
बॉयलरपाशी दांडा ओढणारा माणूस
म्हणजे आमचे नाना.
घरात दिवसाला दहा शब्द,
त्यातले चार ‘मीठ कमी आहे का’.
आई रेडिओकडे न बघता म्हणायची,
‘बोलले.’
आणि थोडं हसायची.

भोंगा ओसरेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असायचं.
एक अख्खी ओळ मी कधी ऐकलीच नाही.
मला वाटायचं, गाणं असंच असतं,
मध्ये एक गिरणी असलेलं.

पुढे कॉलेजात ताऱ्यांच्या अविनाशनं
एक कॅसेट दिली, रेडिओसमोर टेप ठेवून भरलेली.
तिसऱ्या गाण्याच्या शेवटी
त्याची आई ओरडते, ‘अव्या, दूध!’
आणि खटकन बटण.
त्या गाण्यासाठी नाही,
त्या दुधासाठी मी ती कॅसेट झिजवली.
पुढे काही झालं नाही.
तो भिलाईला गेला, मी बी.एड.ला.
आता ते गाणं कुठे लागलं, लग्नात, रिक्षात,
तर शेवटी मी कान देऊन थांबते.
दूध उतू जात नाही.
गाणं नुसतंच संपतं.

माझ्या लग्नात बँडवाल्यांनी काय वाजवलं
ते आठवत नाही. यांनाही नाही.
आम्ही दोघांनी एकदा बसून आठवून पाहिलं होतं.

गिरणी बंद झाली तेव्हा
भोंग्याला कुणी सांगितलं नाही.
तो एका बुधवारी नुसता वाजला नाही.
नाना खाटेवर बसलेले,
आई तांदूळ निवडत,
मी माहेरी आलेले, सातवा महिना.
अंतरा आला. बाईनं श्वास घेतला.
आणि पहिल्यांदा ती ओळ आली, आख्खी, स्वच्छ.
त्यात चांदणं होतं, कुठलीशी नाव होती,
सगळ्या गाण्यांत असतं ते सगळं होतं.
नानांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला
आणि हवेत काहीतरी धरून
खाली आला.

आई उठली. रेडिओ बंद केला.
‘सेल उतरलेत,’ म्हणाली.
रेडिओ विजेवर चालायचा.

यावर आम्ही कुणी कधी बोललो नाही.
नाना गेले तेव्हाही नाही.

परवा रेवाच्या शाळेत गाण्याची स्पर्धा होती.
नात माझी. जुनं गाणं हवं होतं,
तिनं माझ्याकडून ऐकून ऐकून
स्वयंपाकघरातच उचललेलं.
स्टेजवर गायली छान, हात मागे बांधून.
दुसऱ्या अंतऱ्याशी श्वास घेतला
आणि गप्प उभी राहिली.
पेटीवाले सर पुढे गेले, मागे आले,
तिच्याकडे बघत राहिले.
मुलं हसायला लागली.
ती मात्र शांत. ओठांत मोजत होती.
मग पुढची ओळ बरोबर जागेवर उचलली.

परीक्षकांनी गुण कापले.
‘एक ओळ विसरलीस, बेटा.’
‘विसरले नाही,’ रेवा म्हणाली,
‘आजी तिथे थांबते.’

मी घड्याळ पाहिलं.
सव्वा अकराच झाले होते.