मागच्या सीटवरून

टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून
अंबादासनं त्यावर घाट काढलेत,
बॉलपेननं, जेवणाच्या ताटाशेजारी.
पसरणी म्हणजे जिलबी.
आंबेनळी म्हणजे खाटेची सुटलेली नवार.
वरंधा काढायचा राहिलाय,
तिथं चटणीच्या तेलाचा डाग पडला.
मी म्हटलं, राहू दे, तळं समज.

मालकाच्या पोरीचं लग्न, कारखाना नऊ दिवस बंद.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
त्याच्या कानात माग नाहीत,
तरी तो ओरडूनच बोलतो:
मोहोळ! टेंभुर्णी! अकलूज! फलटण!
भिंतीपलीकडून इरम्मा विचारतात,
"काय ओ, एस्टीत लागलाव की काय?"

वहीत वजनं मांडलीत.
तो बहात्तर. मी चौसष्ट. बॅग अकरा.
शेंगाचटणी अर्धा किलो.
कडक भाकरी वीस,
त्यांना वजन नसतं म्हणे, नुसता आवाज.
मी चौसष्ट खोडून एकसष्ट केलं.
त्यानं पाहिलं,
आणि पेट्रोलचा हिशेब चौसष्टावरच धरला.

आमच्याकडे चढ म्हणजे काय,
तर रेल्वेवरचा पूल.
उन्हात डांबर मऊ पडतं
पण रस्ता वाकत नाही.
होटगी रोडला उभं राहिलं
तर उद्याचा ट्रक आजच दिसतो.
वळणापलीकडचं न दिसता पुढं जायचं,
हे आम्ही एकदाच केलं,
आणि तेव्हा डोक्याला बाशिंग होतं, हेल्मेट नव्हतं.

दस्तगीरनं ब्रेकशू बदलले,
साखळीला तेल दिलं,
माझे पाय ठेवायचे दांडे घट्ट केले,
मग त्याला सोडून मला म्हणाला,
"भाभी, ज्या गियरात चढाल त्याच गियरात उतरा.
नुस्त्या ब्रेकवर राहिलं की जळतात."
मी मान हलवली.
मागं बसणारीला कोण कशाला सांगेल हे?

विडी घरकुलात असताना
वडलांची लुना माझ्याकडे होती.
हजार विड्यांची टोपली पुढं दोन पायांत धरून
कारखान्यात माल द्यायला जायची मी,
पदर खोचून, वाऱ्याला तोंड देऊन.
लग्नात ती विकली.
त्या पैशांतनं जावयाला घड्याळ आलं.
घड्याळ अजून चालतं.
रोज सकाळी मीच त्याच्या हातात देते,
आणि लुनाचं नाव
आमच्या घरात निघत नाही.

काल रात्री अकरा वाजता
सरावाला म्हणून पुलापाशी गेलो.
पायथ्याला त्यानं गाडी थांबवली, उतरला,
मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं
आणि मागं जाऊन बसला.
मी म्हटलं, हिला गियर आहेत.
तो म्हणाला, तुला हात आहेत.

दोनदा बंद पडली.
एक रिक्षावाला थांबला, बघितलं, गेला.
तिसऱ्यांदा क्लच सोडला तेव्हा
पाठीमागून हळू आवाज येत होता, ओकटी, रेंडू,
शाळेतल्या पोरासारखा गियर मोजत होता.
त्याचा हळू आवाज
मी विसरूनच गेले होते.
पुलाच्या माथ्यावर
मालगाडी आमच्या खालून गेली.
सगळं सोलापूर दोन्ही बाजूंना सपाट, दिवे लावून,
आणि माझ्यासमोर कुणाची पाठ नाही.
उतारावर मी गियर बदलला नाही.

आज पुठ्ठ्यावर वरंधा मी काढला.
रेघ डागाला वळसा घालून नेली असती,
पण नेली सरळ तेलातूनच,
तिथं पेन उमटेना, दोनदा गिरवावं लागलं.

अंबादास आंघोळीला गेलाय.
वही उघडी आहे,
त्यात नवी ओळ:
पुढे चौसष्ट, मागे बहात्तर.
आणि कंसात, फक्त वरंधा.

चौसष्ट राहू दिलं.
कंस तेवढा खोडला.