श्रावणात टाकी क्रमांक तीन

होनग्याला, शेडच्या मागं,
कंपनीच्या पाहुण्यांना जिथं कधी नेत नाहीत
तिथं माझी ड्यूटी.
पुढनं कोंबडी जाते : बर्फात, पिशवीत, चकचकीत,
चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला.
मागनं येतं ते पाणी.

आधी जाळी. पिसं तिथं अडतात,
भिजलेली, एकमेकांत गुंतलेली.
निंगाप्पा दाताळ्यानं ओढतो
आणि दर खेपेला म्हणतो, "एक गादी झाली असती की गा."
मग चरबीची टाकी.
मग तुरटी, मग बारीक बारीक बुडबुडे,
पाण्यातला मळ कवटाळून वर आणणारे,
आणि वरनं फिरणारी पट्टी तो अलगद खरवडून नेते
जशी आमची काकी दुधाच्या पातेल्यावरनं...
नको.
नोकरी लागल्यापासनं मी साय खात नाही.

रगत वेगळ्या पाइपनं जातं. जायला पाहिजे.
वरती कुणी वॉल्व्ह उघडा विसरला
तर पहाटे तीनला मला कळतं,
फोन यायच्या आधी, वासानं.

खरं काम माझं नव्हेच.
तिसऱ्या टाकीतल्यांचं.
निंगाप्पा त्यांना हुळ म्हणतो,
लॅबच्या गिरिजा मॅडम बायोमास म्हणतात,
रजिस्टरच्या कानडी रकान्यात नुसता आकडा.
मी म्हणतो बारकी.
चार वर्षांमागं घरच्या म्हशीचं शेण कालवून
मीच सोडलीत त्यांना इथं.
रोज एका लिटरच्या नळीत त्यांना धरतो, अर्धा तास,
तपकिरी गाळ खाली बसतो, वर पाणी निवळतं,
साडेतीनशेच्या रेघेवर थांबला
की त्या दिवशी डबा निवांत.

श्रावण लागला.
पाच गाड्यांची एक झाली,
लाइन दुपारीच धुऊन बंद.
मॅनेजर सोडला तर सगळ्यांना बरं वाटलं.
टाकीत पाणी येत होतं, खरं पातळ,
भात काढून घेतलेल्या पेजेसारखं.
सहाव्या दिवशी नळीत गाळ बसेना.
धुरासारखा नुसता तरंगत राहिला.
मॅडमनी काचेवर थेंब ठेवून बघितलं, बराच वेळ.
"उपाशी आहेत, सातेरी. एकमेकांना खायलेत."

स्टोअरला चिठ्ठी लिहिली :
गूळ, वीस किलो, काळा चालेल.
इराण्णा हसला. "पुरणपोळ्या काय? किती माणसं?"
म्हटलं, मोजून होत नाहीत.
अकाउंट्सनं चिठ्ठी परत पाठवली, कारण लिहा म्हणून.
मी लिहिलं, कोंबड्या मरत नाहीत म्हणून.
खोडलं.
लिहिलं, श्रावण आहे.
तेही खोडलं.
शेवटी मॅडमनी कानडीत एकच ओळ लिहिली,
मला अर्धी वाचता आली, त्यात "जीव" होतं,
आणि संध्याकाळी गूळ आला,
संकेश्वरचा, गोणपाटात, कडेला मुंग्या.

सोमवार होता. माझा उपास.
दोन ढेपा बादलीत फोडल्या, कोमट पाणी घातलं,
हातानंच कालवलं, कोपरापर्यंत.
बारा वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमागं
गुऱ्हाळाचा वास आला.
निंगाप्पा जाळी सोडून बघायला आला
आणि काहीच बोलला नाही.
ब्लोअरच्या उकळीत बादली ओतली, हळू,
चारी कोपऱ्यांत, कुणी मागं राहू नये म्हणून.

गणपती उतरले की गाड्या पुन्हा पाचच्या पाच येतील,
पाणी लाल येईल,
आणि बारक्यांचं पोट भरेल.
ह्याचं मला काय वाटायला पाहिजे
ते मी अजून ठरवलेलं नाही.

बादलीच्या कडेला थोडा पाक राहिलेला.
उपासाला गूळ चालतो.
बोट तोंडापर्यंत नेलं, थांबलो,
हात कुठं कुठं लागलेला.
नळाखाली धुतला.
ते पाणीही तिकडंच जातं.