मीटर चालू आहे

अकरा वर्षं मी मीटर वाचले.
मग कंपनीने डब्यांत सिम घातली, आकडे आपले आपण जायला लागले.
आम्हाला एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
माझं पाच मिनिटं मागे पडतं.

म्हणून खोतांकडे आले.
माझगाव कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला टेकून
इस्माईल खोत लोकांना जामीन उभे राहतात.
उभे म्हणजे खरंच उभे; गुडघे गेलेत तरी.
त्यांच्या रेशनकार्डावर कोर्टाचे शिक्के आहेत,
धान्याच्या नोंदींपेक्षा जास्त.

"दारं शोधता येतात ना तुला?" म्हणाले.
"तारखेला न आलेला शोधायचा. घेऊन यायचा.
हात नाही लावायचा. तो अधिकार आपल्याला नाही."
मग कशाने आणायचा?
त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकत राहिले.

पहिली चिठ्ठी:
सुरेंद्र पवळे. तांब्याची तार. पंधरा हजार.
तीन तारखा गैरहजर.
दारूखाना, टाकीमागे.

टाकीमागे तुटलेल्या बोटींचे पत्रे रचलेले,
गॅसकटरचा वास थेट जिभेवर बसणारा.
नळावरच्या बाईने हंडा बाजूला केला.
"पोलीस?"
नाही.
"बँक?"
नाही.
"मग कोण?"
या कामाला नाव असतं तर सांगितलं असतं.
"मीटरवाली," म्हटलं,
आणि ते धड खोटंही नव्हतं.
"गावी गेलाय तो. होळीपासून."

दाराला बाहेरून कुलूप.
खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्र.
पण चौकटीवर मीटर होता, आणि त्याचा लाल दिवा.
रिकाम्या घराचा दिवा मी ओळखते,
दुखणाईत म्हाताऱ्यासारखा, कधीतरी एकदा डोळा उघडतो.
हा घाईत होता.
एक पंखा, मी मनात मोजलं.
जुना, जड वाइंडिंगचा.

उंबऱ्यावर बसले. दाराशी बोलले.
पवळे, मी पोलीस नाही.
खोत म्हणून एक माणूस आहे, तुम्ही त्याला एकदाच पाहिलंय.
त्याच्या कार्डावर तुमचं नाव आहे,
त्याच्या सुनेच्या नावापासून दोन बोटांवर.
पुढच्या महिन्यात पैसे त्याने भरायचेत.

दिवा थांबला.
आत कुणीतरी पंखा बंद केला होता.

मे महिना. वर पत्रा.
मी पदराने वारा घेत होते,
तो कशाने घेत होता कोण जाणे.
एका फळीच्या दोन बाजूंना आम्ही बसलो,
पाऊण तास, कदाचित जास्त.
एक मांजर आली, माझ्या चपलेवर झोपली, उठून गेली.

मग दिवा पुन्हा लुकलुकला.
आतून आवाज आला,
खूप दिवस न वापरलेला:
"पहिली तारीख तापानं चुकली, ताई.
बाकीच्या भीतीनं."

किल्ली नळावरच्या बाईच्या कनवटीला होती.

सोमवारी शिपायाने नाव पुकारलं.
कुणी नाही.
पुन्हा पुकारलं. खोत मागच्या बाकावर,
मांडीवर कार्ड, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं.
ते माझ्याकडे बघेनात.
तिसऱ्या हाकेला जिन्यातून "आहे, आहे" करत पवळे वर आला,
दुसऱ्याच्या शर्टात, बाह्या बोटांपर्यंत.

वॉरंट रद्द. दंड पाचशे.
तो खोतांनी भरला आणि माझ्या हजारातून कापला.
पुढची चिठ्ठी दिली.
तिच्यावर नाव आहे, पत्ता नाही.

रात्री घरी दारावर थाप पडली.
शेजारीण होती, चाळण परत द्यायला आलेली.
पण ते दार उघडल्यावर कळलं.
त्याआधी, काही विचार न करता,
मी उठून पंखा बंद केला होता.