पासंग

अड्याळच्या बाजारात मी मोड घेतो, तांब्या-पितळेची.
फुटके गुंड, कान तुटलेली गंगाळं,
कुणाच्या लग्नातली नाव घातलेली परात.
नावाचे पैसे मिळत नाहीत, वजनाचे मिळतात.
शुक्रवारी पोतं भंडाऱ्याच्या भट्टीत.

झेला सोनझारीण ऊन कलल्यावर येते,
वैनगंगेच्या वाळूतून चाळलेलं पुढ्यात ओतते:
पुलावरून एसटीतल्या लोकांनी टाकलेली चिल्लर,
खिळे, एक जोडवं,
आणि त्या दिवशी
एक हिरवी पडलेली चकती, वर बारीक भोक.

मी सवयीने चिंच लावली.
आधी नाक आलं.
मग केस: वेण्यांवर वेण्या फिरवून
मागे बसवलेला अंबाडा.
झेला वाकून म्हणाली,
"इतका वेळ केसाइले?
पानी भराले दुसरी कोनी असंन तिच्या घरी."

उलटून घासलं. एक देवी उभी,
एका हातात शिंग, काठोकाठ भरलेलं,
दुसऱ्यात लोंब्या.
"मातामाय," झेला म्हणाली. "हातात धान हाये न."
गहू असेल, मी म्हटलं.
"असंन. तिच्या गावचा."

खोब्रागडे सर वांगी घ्यायला आले होते.
चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले.
रोमची, म्हणाले. समुद्रापलीकडची राणी.
कोणती?
ते काठावर लिहिलेलं होतं.
तुम्ही आत्ताच घासून टाकलं.

माझ्या बोटांना चिंचेचा वास येत होता.

भोक मात्र इथलंच असावं, सर म्हणाले,
इथे हे नाणं चाललं नसेल,
म्हणून कुणीतरी गळ्यात घातलं.

वजन नऊ ग्रॅम. मोडीच्या भावाने चार रुपये.
झेलाने पैसे घेतले नाहीत.
"तुह्या तागडीचं हे पारडं वर राह्यते," ती म्हणाली,
"माह्या बाजूचं. तीन सालापासून पाहून राहिली मी."
मी काही बोललो नाही.
तिने पदराचा दोरा उपसला,
भोकातून ओवला,
आणि राणीला बांधलं पारड्याच्या साखळीला.

काटा हलला, हलत राहिला,
मधोमध येऊन उभा राहिला.

आता वारा सुटला की ती फिरते,
एकदा अंबाडा, एकदा लोंब्या.
लोक मोड टाकण्याआधी तिच्याकडे पाहतात, मग काट्याकडे.
मी दोरा दोनदा बदलला आहे.
चिंच लावत नाही.