कुलरचं तोंड भिंतीकडे

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"करंट लागल्यासारखं होतं का?"
एकतीस वर्षं लाइनमन होतो मी.
करंट माझ्या ओळखीचा आहे.
गांधीबागेत खांबावर एकदा हात चिकटला,
खाली पराते होता, त्यानं कोरड्या बांबूनं हाणून सोडवलं.
करंटला कारण असतं, मॅडम.
वायर ओली असते, कोणीतरी न विचारता फ्यूज घातलेला असतो,
आणि खाली एक पराते असतो.

हे तसं नाही.
उजव्या गालात, नाकपुडीपासून दोन बोटं,
तिथे सूज नाही, व्रण नाही.
आरशात तो गाल डाव्यापेक्षा बरा दिसतो.
मग दारातून कोणी हाक मारतं,
मी "ओ" द्यायला ओठ उघडतो
आणि तो ओ
तिथेच

अकरा सेकंद.
कधी चाळीस.
मोजतो, कारण जबडा न हलवता
तेवढंच एक काम करता येतं.

बडकस चौकातला लक्षणे दर रविवारी
डावा गाल गुळगुळीत करतो,
उजव्याला वस्तरा लावत नाही.
"अर्धे लग्नाले चालले तुम्ही, आबाजी,
अर्धे हिमालयात."
हसू येतं. पण त्याची वाटही तिथूनच जाते,
म्हणून अर्धंच हसतो.

गोळी दुखणं झाकते आणि जाताना शब्द घेऊन जाते.
परवा ते नाव आठवेना,
जन्मभर कमरेला लटकलेली, लाल रबरी मुठीची...
"पकड," बायको म्हणाली, भाजी चिरता चिरता.
तिचं नाव लग्नात सुलोचना ठेवलं होतं,
राहिली मात्र बेबीच.

मागच्या तान्ह्या पोळ्याला
गल्लीच्या तोंडावरून पिवळी मारबत गेली.
मी मफलर बांधून बंद खिडकीच्या काचेआड.
लोक ओरडत होते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत,
खासी खोकला घेऊन जा,
आणि बापाच्या खांद्यावरून आमची ओजू,
सगळ्यांपेक्षा वरच्या आवाजात,
"आबाचा गाल घेऊन जा गे मारबत!"
गालासकट ने बाई, मी आतून म्हटलं,
हिशेब करत बसू नको.
संध्याकाळी तिला जाळून माणसं घरी आली.
गाल होता.
गालातलंही होतं.

आता मे. सेहेचाळीस.
सगळ्या गल्लीनं कुलरसमोर खाटा ओढल्यात.
आमच्या कुलरचं तोंड भिंतीकडे.
वाळ्यातून निघालेला गार वारा
आधी भिंतीला लागतो, कॅलेंडर हलवतो,
मग कोमट होऊन आमच्यापर्यंत येतो.
हे बेबीनं ठरवलं. मला विचारलं नाही.
पाहुणे विचारतात, "उलटा काऊन ठेवला बे हा?"
ती म्हणते, "भिंत तापते ना."

काल रात्री दोनला जाग आली.
बेबीच्या गळ्यावर घामाची धार,
पदरानं वारा घालता घालता झोपलेली,
झोपेतही हात हलतच होता.
उठलो. कुलरची चाकं कुरकुरतात,
म्हणून इंच इंच सरकवत, थांबत,
त्याचं तोंड तिच्याकडे केलं.
थोड्या वेळानं तिचा हात थांबला.

उशी घेऊन गच्चीवर गेलो.
फरशी अजून तव्यासारखी,
झाडाचं पान हलत नव्हतं.
बरं होतं ते.
खाली कोपऱ्यावरची डीपी गुणगुणत होती.
कान दिला. एक फेज ढिली आहे तिची,
दोन दिवसांत कुठेतरी ठिणगी पडेल.
हे अजून मला वरूनच कळतं.
सांगायचं कोणाला, पराते तर वारला.

सकाळी खाली आलो
तर कुलरचं तोंड भिंतीकडे.
बेबीनं चहा बशीत ओतून ठेवला होता, निवायला,
माझ्या डाव्या हाताला.
"मच्छर होते का वर?"
मी ओठ न उघडता म्हटलं,
"हं."