अठ्ठावीस तारीख

महिनाअखेर आली की
शिवोलीच्या चौकीत वजनकाटा पुसतात.
फळ्यावर खडूने: झाल्या तीन, हव्यात पाच.

शाणू हवालदार माझ्या सोड्याच्या गाड्यावर
कोरा पंचनामा ठेवतो.
सही माझी, या वर्षातली अकरावी.
मजकूर मागाहून उगवतो,
वारुळावर अळंबी उगवावीत तसा.

आज शॅकमध्ये भांडी घासणारा लोकनाथ.
खिशात विड्या, चुरगळलेली एक पुडी.
काट्यावर पुडीसोबत शाणूचं बोटही होतं,
पण पंचाने काय पाहिलं
ते आधीच छापलेलं असतं.

टेकडीवरच्या बंगल्यात अजून ढोल घुमतोय.
तिथवर चढायला जीपला
पुढचा महिना लागेल.

फळ्यावर चार.
शाणूने लिंबूसोडा अर्धाच प्यायला.
"तुजो भाचो," म्हणाला,
"रातचो उशिरां येता न्हय रे?"