फुंकर

या नळीत फुंका, परकारभाई.
पंधरा आकडे श्वास धरा, मग सावकाश सोडा.
यंत्रावर बावीस.
गेल्या मंगळवारी एकतीस होते.
तुम्ही हसता, पिवळ्या बोटांनी तोंड झाकून.

बाहेर सोहारचा ऑगस्ट.
पट्टी घामानं सुटते म्हणता,
सकाळी कँपातल्या उशीला चिकटलेली सापडते.
दंडावर नको, पाठीवर लावू,
तिथे हात पोचत नाही, तुमचाही आणि त्यांचाही.
आवाज दोनच उरलेत आता.
एक फोरमन. तो म्हणतो, पेटव.
दुसरा बाणकोटचा, तुमच्याच बोलीतला,
तो काही म्हणत नाही, नुसता खोकतो.

तुम्हाला सांगितलं नाही कधी:
सतरा वर्षांपूर्वी वॉर्डात आले
तेव्हा माझ्या कमरेला दोन किल्ल्या होत्या.
एक औषधांची,
एक सिगरेटींच्या ड्रॉवरची.
अंघोळ केली, एक.
गोळी गिळून जीभ दाखवली, एक.
रात्रभर ओरडला नाही, दोन.
याला आम्ही उपचार म्हणायचो.
तेवढंच सुख बिचाऱ्यांना, असंही म्हणायचो.
मुराद होडीवाला त्या सुखानं गेला,
पन्नाशीच्या आत,
डोक्यानं नव्हे, छातीनं.
मिरजेला नर्सिंग शिकले मी;
वेड्यालाही फुप्फुसं असतात
हे तिथे कुणी बोललं नव्हतं.

आता डॉक्टर रय्या लिहितात:
धूर कमी, तर गोळीही कमी.
इतकी वर्षं धुरात औषध जळून जात होतं,
धूर थांबला की तेच अंगावर येतं.
झोप, लाळ, शिशाचे पाय.
म्हणून दर आठवड्याला रक्त.
म्हणून सोडा, पण सांगून सोडा.
तुम्ही विचारता,
म्हणजे सोडलं तरी शिक्षाच ना, सिस्टर?
फॉर्मवर याला रकाना नाही.

मग तुम्ही खाली बघत म्हणता,
काडी मागितली तरच कोणी जवळ येतं हो.
एरवी माझ्या बाकावर
कोण बसतंय?

पुढल्या मंगळवारी पस्तीसही असतील, कुणी सांगावं.
आज चार वाजता, तलफेच्या वेळी,
मागच्या गेटपाशी दोन कडक चहा मागवलेत.
मी उभी आहे. तुम्ही बाकावर.
थोडं सरकता.
कागदी पेला हाताला पोळतो,
तुम्ही फुंकर घालता, एक, मग दुसरी.

यंत्र वर टेबलावर राहिलंय.
राहू दे.